एका माणसाचं माप

"एका माणसाचा स्वयंपाक म्हणजे वीस मिनिटांचं काम. त्यात काय आहे एवढं?"

हे वाक्य मापसाहेब रविवारी सकाळी कॉफी पिता पिता बोलून गेले. कॉफी बाईंनी केलेली होती, कप बाईंनी हातात आणून दिलेला होता, आणि रिकामा झाल्यावर तो कुठे ठेवायचा हे साहेबांना ठाऊक नसल्यामुळे दुपारपर्यंत खिडकीतच राहणार होता. पण माणूस एकदा बोलायला लागला की असल्या किरकोळ गोष्टी त्याच्या आड येत नाहीत.

मापसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. वजनमापे खात्यात बावीस वर्षं निरीक्षक म्हणून काढल्यावर गल्लीने त्यांना ते चिकटवलं होतं आणि त्यांनीही ते मानाने चालवून घेतलं होतं. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, वजनं पडताळायची, बरोबर असतील तर शिक्का मारायचा आणि नसतील तर जप्त करायची, हे त्यांचं काम. पितळी वजनांची चामडी पेटी आणि एक छोटा तराजू कायम त्यांच्याबरोबर असे. जगात त्यांना एकाच शब्दाची चीड होती, तो म्हणजे 'अंदाजे'. कुणी "अंदाजे पाच वाजता येतो" म्हटलं तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची.

बाई म्हणजे त्यांची बायको. त्या ग्रंथपाल, म्हणून सगळे त्यांना बाई म्हणत. जुन्या पुस्तकांची शिवण उसवते, पानं सुटतात, ती पुन्हा जागच्या जागी बसवायला शिकावं ही त्यांची फार वर्षांची हौस. आता त्याच कामाच्या सहा आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी दुसऱ्या गावी त्यांची निवड झाली होती. पत्र आलं तेव्हा त्यांनी ते दारातच, पायांतल्या चपला न काढता, चार वेळा वाचलं होतं. साहेबांनी ते पाहिलं होतं. पण संमतीचा फॉर्म शनिवारी दुपारी बारापर्यंत पोचता करायचा होता आणि तो आठवडाभर स्वयंपाकघरातल्या खणात चमच्यांखाली पडून होता. कारण बाईंना एकच प्रश्न सुटत नव्हता. सहा आठवडे हे गृहस्थ खाणार काय?

बाहेरचं जेवण साहेबांच्या पोटाला दोन दिवसांच्या वर सोसत नसे. बाईंच्या थोरल्या बहिणीने "माझ्याकडे येऊन राहू देत" असं सुचवलं होतं, पण त्या घरात साहेबांना पाण्याचा पेलासुद्धा परवानगी काढून उचलावा लागे. म्हणून साहेबांनी ते वीस मिनिटांचं वाक्य टाकलं.

बाईंनी ते जमिनीवर पडू दिलं नाही. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. "उद्या सकाळी मी ताईकडे जाते. शुक्रवारी संध्याकाळी परत येते. तोवर तुमचं तुम्ही करून खायचं. बाहेरचं नाही, डबा नाही, कुणाकडे पाहुणचार नाही. आल्यावर तुम्ही धड दिसलात, घर धड दिसलं, तर फॉर्मवर सही करते. नाहीतर तो खणातच राहू दे. तिकडे पुस्तकं शिवत बसायचं आणि जीव इकडे, असं मला नको."

"अगं, पाच दिवस कशाला? एका दिवसात सिद्ध करतो."

"एक दिवस कुणीही उपाशी राहू शकतं," बाई म्हणाल्या आणि बॅग भरायला गेल्या.

आता एक गोष्ट साहेबांच्या बाजूने सांगून टाकली पाहिजे. त्यांना बाईंनी जावं असं मनापासून वाटत होतं. चपला घालून दारात उभी असलेली ती मूर्ती त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. शिवाय त्यांना आत्मविश्वास होता. बावीस वर्षं जो माणूस साऱ्या बाजारपेठेच्या तांदूळ-डाळीवर नजर ठेवून आहे त्याला मूठभर डाळ शिजवता येऊ नये, हे त्यांच्या बुद्धीला पटण्यासारखं नव्हतं.

सोमवारी कचेरीतून लवकर येऊन साहेबांनी सर्वप्रथम स्वयंपाकघराची रीतसर तपासणी केली. डबे उघडले, आत डोकावले, बंद केले. तांदळाच्या डब्यात त्यांना एक कान तुटलेला जुना कप सापडला. त्याच्या काठाला टवका गेला होता, आणि बाजारातल्या कुठल्याही मापाशी तो जुळत नव्हता. साहेबांनी त्यात पाणी भरून ते मोजून पाहिलं आणि जे निघालं त्याने ते अस्वस्थ झाले. अठरा वर्षं आपल्याच घरात एक अप्रमाणित माप बिनबोभाट चालू होतं! त्यांनी तो कप डब्यातून हद्दपार करून कपाटावर नेऊन ठेवला. तपासणीअंती एवढीच जप्ती झाली.

मग त्यांनी बाईंच्याच ग्रंथालयातून आणलेलं पाककृतींचं जाडजूड पुस्तक उघडलं. 'मसुराचं साधं सूप. सहा जणांसाठी.' साहेबांना आनंद झाला. सहा जणांचं एकावर आणणं म्हणजे नुसता भागाकार. तीनशे ग्रॅम मसूर, सहाने भागून पन्नास. दीड लिटर पाणी, अडीचशे मिलिलिटर. दोन कांदे, म्हणजे कांद्याचा एक तृतीयांश. लसणाच्या तीन पाकळ्या, अर्धी. एक चमचा मीठ, चमच्याचा सहावा भाग. तोही त्यांनी तराजूवर घेतला, आणि त्याच वेळी पंखा चालू असल्यामुळे दोनदा घेतला. 'अर्धा तास शिजवावे.' तीस मिनिटं, भागिले सहा, पाच.

इथे आपण थोडं थांबू या. वाचकांमधल्या निम्म्या मंडळींनी कपाळावर हात मारला असेल. पण तटस्थपणे पाहा. पुस्तकाने वरच्या ओळीत स्पष्ट म्हटलं आहे, सहा जणांसाठी. त्याखाली जे जे आकडे येतील ते सहा जणांचेच असणार. त्यातून वेळ वगळावा असं पुस्तकात कुठेही छापलेलं नाही. साहेबांनी नंतर दोनदा तपासलं.

'मंद आच' हेही सहाने भागताना मात्र अडचण आली. बटण जरा आणखी फिरवलं की ज्योत विझायची. सातव्या खेपेला ती कशीबशी टिकली. घड्याळ लावून बरोबर पाच मिनिटांनी साहेबांनी गॅस बंद केला आणि ताट वाढून घेतलं. कोमट पाणी, त्याच्या तळाशी अंगाला रंगही न लागलेले मसूर, आणि वर तरंगणारी लसणाची अर्धी पाकळी. साहेब जेवायला बसले. ते पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत कडाकडा वाजलं.

तो आवाज ऐकून की काय, वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले. हे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे एकट्याच्या स्वयंपाकातला अधिकारी माणूस म्हणून इमारतीत त्यांचा दबदबा होता. खरं म्हणजे ते गेली कित्येक वर्षं पाव आणि केळं यांवर होते, पण हे कुणाला माहीत नव्हतं.

"साहेब, काही फोडताय का?"

"जेवतोय," साहेब म्हणाले.

मास्तरांनी वाटीत डोकावून पाहिलं. "किती वेळ ठेवलंत?"

"पाच मिनिटं. सहाने भागून."

"वेळ भागायचा नसतो हो," मास्तर हळूच म्हणाले. "दाणा एक असो नाहीतर लाख, शिजायला लागायचा तेवढा वेळ लागतोच."

"मग तसं लिहायला हवं," साहेब म्हणाले आणि उरलेलं सूप निग्रहाने संपवलं. पोटात ते पहाटेपर्यंत जागं होतं.

जाता जाता मास्तर एक सल्ला देऊन गेले होते. "एकट्या माणसाने रोज शिजवू नये. एकदाच चार दिवसांचं करून ठेवावं. रोजची कटकट नाही." साहेबांना हे एकदम पटलं. जो वेळ भागला जात नाही तो गुणलाही जाणार नाही, म्हणजे चार दिवसांचा भात एका भाताच्या वेळात. वीस मिनिटांचं आपलं गणित शेवटी बरोबरच निघणार होतं.

मंगळवारी ते कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे गेले. याचा काटा साहेबांनीच मागल्या वर्षी जप्त केला होता, पंधरा ग्रॅमच्या फरकासाठी. तेव्हापासून दोघांचं बोलणं तांदळाच्या पोत्यापलीकडे गेलं नव्हतं.

"एका माणसाला एका वेळी तांदूळ किती लागतो?" साहेबांनी विचारलं.

किराणावाला आधी गोंधळला, मग त्याचा चेहरा उजळला. बावीस वर्षांत साहेबांनी त्याला प्रथमच काहीतरी विचारलं होतं. "मूठभर, साहेब."

"मूठ हे माप नाही."

"भूक लागली की होतं, साहेब."

"ग्रॅममध्ये सांगा."

"भूक कशी आहे त्यावर आहे. बाई कुठे गावाला गेल्यात का?" त्याने दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं. साहेबांनी स्वतःच हिशेब केला. एका वेळी दीडशे ग्रॅम, दिवसाला दोन वेळा, चार दिवस. एक किलो दोनशे. तोलताना किराणावाल्याने काटा साहेबांकडे वळवून धरला आणि वर चार दाणे जास्त टाकले. "असू द्या, एकटे आहात," तो म्हणाला. हे चार दाणे साहेबांच्या मनाला फार लागले.

कोरडे तांदूळ पातेल्यात निम्म्याहून खाली बसले होते, म्हणून साहेब निर्धास्त होते. तांदूळ फुगतो हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही, पण त्याची हाव त्यांनी ओळखली नव्हती. दहाव्या मिनिटाला झाकण एका बाजूने उचललं गेलं. साहेबांनी ते दाबलं. मग ते दुसऱ्या बाजूने उचललं गेलं. फेस उतू जाऊन गॅस विझला, पुन्हा पेटवला, पुन्हा विझला. साहेबांनी वरचा भात दुसऱ्या पातेल्यात काढला. ते भरलं. मग कढई, मग दुधाचं भांडं, मग फुलदाणी वाटावी अशी एक उंच बरणी. साडेतीन किलोच्या आसपास भात झाला. एक ताट त्यांनी खाल्लं. तो मधे कच्चा, कडेला चिकट आणि तळाला लागलेला होता, म्हणजे एकाच ताटात तीन प्रकार. बाकीचं थंड व्हायला म्हणून त्यांनी कढई आणि एक पातेलं बाल्कनीत नेऊन ठेवलं, आणि दमून जरा आडवे झाले.

कबुतरांना ही बातमी कुणी दिली ते कळायला मार्ग नाही.

बुधवारी सकाळी दारावर इमारतीच्या चिटणिसांची सूचना चिकटलेली होती. 'बाल्कनीतून पक्ष्यांस अन्न घालण्यास मनाई आहे. खालच्या मजल्यावरील वाळत घातलेल्या कपड्यांची जी अवस्था झाली तिचा लेखी खुलासा करावा.' हे चिटणीस म्हणजे इमारतीच्या नियमावलीशिवाय शिंकसुद्धा न देणारे गृहस्थ. आजवर साहेबांना त्यांचा आदर होता. दुसऱ्याला नियम लावताना पाहिलं की असा आदर वाटतो.

साहेब दोन प्रतींत खुलासा घेऊन त्यांच्याकडे गेले. 'अन्न घातलेले नाही, निवत ठेवलेले होते. पक्षी विनापरवाना आले.'

"किती पक्षी होते?" चिटणिसांनी विचारलं.

"सत्तेचाळीस."

"मोजलेत?"

"अर्थात."

चिटणिसांनी आकडा लिहून घेतला. "आणि भात एवढा का केलात? घरी कार्य आहे?"

"एकट्यासाठी केला," साहेब म्हणाले. म्हणताना त्यांना स्वतःलाच ते खरं वाटेना. चिटणिसांनी 'एकट्यासाठी' हेही लिहून घेतलं आणि दुसऱ्या प्रतीवर पोच दिली. शेऱ्यापेक्षा ते लिहून घेणं जास्त बोचलं.

परतीच्या वाटेवर साहेबांनी परिस्थितीचा थंड डोक्याने विचार केला. दोष आपला नव्हे, भांड्यांचा. घरातलं एकही भांडं एका माणसाच्या मापाचं नव्हतं. तेव्हा त्यांनी भांड्यांच्या दुकानातून एका अंड्याचं एक चिमुकलं कढलं आणलं. तळहाताएवढं, लांब दांड्याचं, दिसायला फार गोजिरं. उद्या एक अंडं, एक पाव, दहा मिनिटांत जेवण. पुन्हा सगळं ताळ्यावर येणार होतं.

गुरुवारी सकाळी कचेरीला जायच्या आधी साहेबांनी कढलं गॅसवर ठेवलं. ते शेगडीच्या दांड्यांमध्ये नीट बसेना, तिरकंच राही. त्यात त्यांनी तराजूवर मोजून पाच ग्रॅम तेल घातलं. आच भागायची नाही हे सोमवारी शिकल्यामुळे त्यांनी ती पूर्ण मोठी केली. तेल तापेपर्यंत अंड्याचं वजन करून घ्यावं म्हणून ते पलीकडच्या खोलीत तराजूकडे गेले. आता अंड्याचं वजन करायचं म्हणजे कवचासकट करून उपयोग नाही. ते फोडून, कवच वेगळं तोलून, वजा करणं आलं. साहेब कवच तोलत असताना स्वयंपाकघरातून फुस्स असा आवाज आला.

ते धावत गेले तेव्हा पाच ग्रॅम तेलाने पेट घेतलेला होता. साहेबांनी कढल्याचा दांडा धरायला टॉवेल घेतला. कढलं दांड्यांमधून खाली पडलं आणि टॉवेल पेटला. साहेबांनी टॉवेल टाकला तो पुसण्याच्या फडक्यांच्या गठ्ठ्यावर. ज्वाळा फारशा नव्हत्या, पण धूर असा की समोरच्या भिंतीवरचं घड्याळ दिसेना. मास्तर जिन्यात "आग, आग" ओरडत होते आणि चिटणीस खालून विचारत होते, "कितव्या मजल्यावर? नेमका मजला सांगा!"

अशा वेळी माणूस हाताला लागेल ते घेतो. साहेबांनी आधी गॅसचं बटण फिरवलं आणि मग फ्रिज उघडून मंगळवारच्या थंडगार भाताचं पातेलं शेगडीवर आणि ओट्यावर सरळ पालथं घातलं. आग जागच्या जागी गुदमरली. त्या भाताची एवढीच कामगिरी, पण ती त्याने चोख बजावली.

अग्निशमन दलाची माणसं आली तेव्हा विझवायला काही उरलं नव्हतं. पण बोलावणं नोंदलं गेलं की अहवाल लिहावाच लागतो. त्यांचा जमादार म्हणजे रुंद खांद्यांचा, पांढऱ्या मिशांचा शांत माणूस. भाताने माखलेला ओटा त्याने आपुलकीने पाहिला आणि खिशातून छापील अहवालाचा फॉर्म काढला.

"आगीचं कारण?"

"स्वयंपाक."

"किती माणसांचा?"

"एक."

"काय शिजत होतं?"

"अंडं." साहेबांनी प्रामाणिकपणे भर घातली, "म्हणजे ते अजून पलीकडच्या खोलीत आहे. अठ्ठेचाळीस ग्रॅम, कवच वजा करून."

जमादाराची पेन्सिल जरा थबकली. "विझवण्याचं साधन... शिळा भात," तो लिहू लागला. "अंदाजे दोन किलो."

"अंदाजे नको," साहेबांच्या तोंडून निसटलं. "एक किलो नऊशे चाळीस. सकाळीच तोललाय."

जमादाराने ते खोडून दुरुस्त केलं. मग फॉर्म फिरवून पुढे केला. "इथे घरमालकाची सही. शनिवारी दुपारी बारापर्यंत आमच्या ठाण्यावर पोचता करा."

साहेबांनी पेन उघडलं आणि मिटलं. घर बाईंच्या नावावर होतं.

सगळं लपवता आलं असतं. कबुतरं बोलत नाहीत, ओटा घासता येतो, भिंतीचा काळा डाग घड्याळ जरा सरकवून झाकता येतो. पण हा कागद बाईंच्या सहीशिवाय पुढे जाणार नव्हता, आणि हा वाचल्यावर त्यांच्या हातून दुसऱ्या फॉर्मवर सही होणार नव्हती. साहेब खुर्चीत बसले. आठवड्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. "तिला सहा आठवडे जायचं होतं हो," ते म्हणाले. "पुस्तकं शिवायला. माझ्यापायी राहिलं."

जमादाराने आपली माणसं खाली पाठवली आणि स्वतः थांबला. "साहेब, ठाण्यावर चौदा जणांचा स्वयंपाक मी करतो, पाळी असली की," तो म्हणाला. "सोपं असतं. काही चुकलं तर चूक चौदा जणांत वाटली जाते. एकट्याचा स्वयंपाक मला नाही जमत. सगळी चूक आपल्यालाच खावी लागते. तुम्ही अवघड धरलंत, एवढंच." मग त्याने तांदळाचा डबा उघडून आत हात घातला, इकडेतिकडे चाचपला. "बाईंचं माप कुठंय?"

"कसलं माप?"

"प्रत्येक घरच्या डब्यात असतंच. वाटी, पेला, काहीतरी."

साहेबांचा चेहरा पडला. ते स्टुलावर चढले आणि कपाटावरून तो कान तुटलेला कप काढून त्यांनी जमादाराच्या हातात दिला. बावीस वर्षं दुसऱ्यांची मापं तपासणाऱ्या माणसाने घरचं माप जप्त करून ठेवलं होतं, आणि ते त्याला स्वतःच सांगावं लागत होतं. "हे प्रमाणित नाही," ते क्षीणपणे म्हणाले.

"इतकी वर्षं जेवताय ना याच्यावर? कधी कमी पडलं?"

साहेबांनी आठवून पाहिलं. कमी कधीच पडलं नव्हतं. उरलंही नव्हतं.

"हा कप भरून तांदूळ. दोनदा धुवायचे. वर बोट टेकवायचं, एक पेर बुडेल एवढं पाणी."

"कुणाच्या बोटाचं पेर?"

"शिजवणाऱ्याच्या," जमादार म्हणाला. "डाळ शिजली की नाही ते घड्याळाला विचारायचं नाही. दाणा काढून दाबायचा. आणि साहेब, गॅसवर काही असताना पलीकडच्या खोलीत जायचं नाही." शेवटचं वाक्य त्याने सरकारी आवाजात म्हटलं.

शुक्रवारी साहेबांनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. ओटा घासला, भिंत पुसली, टॉवेलाचे अवशेष टाकून दिले. घड्याळ मात्र त्यांनी सरकवलं नाही. मास्तर डोकावून एक युक्ती सांगून गेले. "अहवाल त्या फॉर्मच्या खाली ठेवा. बाई घाईत असतील, एका दमात दोन्हीवर सह्या होऊन जातील." साहेबांनी यावर विचार केला नाही असं नाही. घड्याळाप्रमाणे पंधरा सेकंद केला. मग त्यांनी दोन्ही कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले आणि त्यांवर एक-एक वजन ठेवलं.

तराजू त्यांनी पेटीत बंद केला होता. कप भरून तांदूळ घेतले, धुतले, बोट टेकवलं. मसूर शिजत असताना ते शेगडीपाशी उभे राहिले, आणि दर थोड्या वेळाने एक दाणा काढून दाबत राहिले. बारावा दाणा लोण्यासारखा दबला. कांदा अख्खा घातला, कारण कांद्याच्या एक तृतीयांशाने कुणाचं भलं झालेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. भाताचं झाकण उघडलं तर दाणा न् दाणा सुटा. साहेबांनी तो ताटात वाढला, आणि बरोबर तेवढाच पातेल्यात उरला.

आधी त्यांना वाटलं, पुन्हा माप चुकलं. मग त्यांच्या लक्षात आलं. तो कप एका माणसाचा कधी नव्हताच. अठरा वर्षं त्यात दोघांचा भात मोजला गेला होता. साहेब त्या कपाकडे बघत उभे राहिले. त्यांनी दुसरं ताट घेतलं.

बाई सहाच्या सुमाराला आल्या. आत येताच त्यांनी एकदा हवा हुंगली, एकदा भिंतीवरच्या डागाकडे पाहिलं, आणि टेबलापाशी जाऊन अहवाल उचलला. तो त्यांनी उभ्याने, चपला न काढता वाचला. "'आगीत सापडलेली मालमत्ता,'" त्या मोठ्याने वाचू लागल्या, "'टॉवेल, नग एक. कढलं, नग एक. अंडं, पलीकडच्या खोलीत, सुखरूप.'" मग जरा थांबून, "'विझवण्याचं साधन, शिळा भात, एक किलो नऊशे चाळीस.'" त्यांचा चेहरा वाचता येत नव्हता.

"कबुतरांचाही एक कागद आहे," साहेब म्हणाले. "चिटणिसांकडे. सगळं सांगतो. पण आधी जेव. निवेल."

बाई बसल्या. त्यांनी भात कालवला, एक घास घेतला, दुसरा घेतला. साहेब त्यांच्या तोंडाकडे बघत होते. खुद्द मुख्य निरीक्षकांच्या तपासणीतसुद्धा त्यांनी निकालाची एवढी वाट पाहिली नव्हती.

"मीठ बरोबर पडलंय," बाई म्हणाल्या. "किती घातलंत?"

"अंदाजे," साहेब म्हणाले.

बाईंचा हात ताटात तसाच थांबला. "काय म्हणालात?"

"अंदाजे घातलं." साहेबांना आता कुठे आपण काय बोललो ते कळलं आणि ते कानापर्यंत लाल झाले.

तेव्हा बाई हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं, आणि पेले कुठे असतात हे साहेबांना माहीत होतं. डाव्या हाताने डोळे पुसत त्यांनी पेन मागितलं. "मी घाबरत होते ते आगीला नव्हे हो. पुस्तकात बघून, तोलून-मापून तुम्ही सहा आठवडे उपाशी मराल, याला घाबरत होते," त्या म्हणाल्या. आधी त्यांनी अहवालावर सही केली आणि मग, पेन न उचलताच म्हणावं इतक्या लगेच, दुसऱ्या फॉर्मवर. शनिवारी साडेअकराला साहेबांनी दोन्ही कागद जागच्या जागी नेऊन दिले. ठाण्यावर जमादाराने अहवाल उलटून पाहिला आणि विचारलं, "जेवल्या?" साहेब म्हणाले, "दोनदा वाढून घेतलं." ते पूर्णपणे खरं नव्हतं, पण चूक पंधरा ग्रॅमच्या आतली होती.

पुढच्या सोमवारी बाई गेल्या. संध्याकाळी साहेबांनी तांदळाचा डबा उघडला. कप आत होता, पण त्याच्या पोटावर, बरोबर मध्यावर, बाईंच्या नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढलेली होती. इथपर्यंत एक माणूस.

साहेबांनी पेटी काढली. खात्याची छापील चिकटपट्टी घरच्या कपाला लावणं नियमात बसत नव्हतं. म्हणून त्यांनी साध्या कागदाची एक पट्टी कापली, तिच्यावर तपासल्याची तारीख घातली, सही केली आणि ती कपाच्या तळाला नीट चिकटवली. 'तपासले. माप बरोबर आहे.' खाली पुढल्या तपासणीच्या तारखेची जागा होती. तिथे त्यांनी कॅलेंडर न बघता बाईंच्या परतीची तारीख लिहिली.